बाळासोबत अमेरिकेचा विमानप्रवास: कार सीट निवडण्यापासून बसवण्यापर्यंत

भारतातून अमेरिकेला बाळ घेऊन जाताना, किंवा तिथून सुट्टीत घरी येताना, कार सीटचा, म्हणजे बाळाला बांधून बसवायच्या वेगळ्या छोट्या खुर्चीचा, विषय बहुतेक घरांत शेवटच्या आठवड्यात निघतो, बॅगांचं वजन करताना. तोवर बाळाचं तिकीट ‘इन्फंट ऑन लॅप’ असं निघालेलं असतं आणि सीट सामानात टाकण्यापलीकडे पर्याय उरत नाही. म्हणून क्रम असा धरा: आधी सीटवरचं लेबल वाचायचं, मग तिकीट काढायचं, मग जागेचा नंबर निवडायचा. विमानात चढल्यावर हाताशी जेमतेम पाच मिनिटं असतात आणि मागे माणसं खोळंबलेली असतात. तिथे सीटचं मॅन्युअल उघडून बसायला कोणी देत नाही.

मांडीवर का नको

‘आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली?’ असं आजी विचारतेच. जमिनीवर तिचं बरोबर आहे. लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला २१ मे २०२४ ला वाटेत जोराचा टर्ब्युलन्स लागला. चौकशीत नोंदलं गेलं की ०.६ सेकंदात विमानावरचा जोर अधिक १.३५ जी वरून (एक जी म्हणजे जमिनीवरची नेहमीची ओढ) उणे १.५ जी पर्यंत गेला, म्हणजे पट्टा न लावलेली माणसं थेट छताकडे फेकली गेली. पुढच्या चार सेकंदांत तो पुन्हा अधिक १.५ जी झाला आणि तीच माणसं खाली आपटली. उणे १.५ जी म्हणजे ९ किलोचं बाळ साडेतेरा किलोच्या जोराने तुमच्या हातातून वर ओढलं जाणार, तेही पापणी लवायच्या आत. जागेपणी, सावध असताना, दोन्ही हातांनी धरलं तरी ते सुटू शकतं. तेरा तासांच्या प्रवासात आई पेंगत असताना काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

१९ जुलै १९८९ ला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सू सिटीला युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं. विमानात चार मुलं मांडीवरची होती. त्या काळच्या सूचनेप्रमाणे त्यांना पालकांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं. त्यातलं एक मूल दगावलं. त्या विमानातल्या मुख्य एअर होस्टेस जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षं मांडीवरच्या बाळांना स्वतंत्र सीट सक्तीची करावी म्हणून पाठपुरावा केला. सक्ती अजूनही झालेली नाही. अमेरिकेच्या विमान नियामकाचा, म्हणजे एफएएचा, हिशेब असा की जादा तिकीट सक्तीचं केलं तर बरीच कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. देशांतर्गत प्रवासापुरता हा हिशेब समजण्यासारखा आहे. मुंबई ते शिकागो मात्र कोणी मोटारीने जात नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत तो लागू पडत नाही. सक्ती नसली तरी मुलाला कार सीटमध्येच बसवा, असा आग्रह एफएए स्वतः धरते.

भारतीय आणि युरोपीय विमानांत मांडीवरच्या बाळासाठी एक छोटा जोडपट्टा देतात. तो आईच्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटावर लावायचा असतो. टर्ब्युलन्समध्ये बाळ उडून जाण्यापासून तो वाचवतो. पण विमान जोरात आदळलं तर आईचं शरीर पुढे दुमडतं आणि बाळ मधे चेपलं जातं, म्हणून अमेरिकन विमानांत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी हा पट्टा वापरू देत नाहीत. छातीशी बांधायच्या झोळीचंही तेच. विमान वर स्थिर झाल्यावर ती खुशाल वापरा. जमिनीवर पळताना, उडताना आणि उतरताना ती सोडावी लागते.

लेबल शोधा

अमेरिकेत विकत घेतलेल्या सीटच्या बाजूला किंवा तळाला एक स्टिकर असतो. त्यावर लाल अक्षरांत ‘धिस रिस्ट्रेंट इज सर्टिफाइड फॉर यूज इन मोटर व्हेइकल्स अँड एअरक्राफ्ट’ असं वाक्य हवं. हे वाक्य असेल, मुलाचं तिकीट असेल आणि मूल सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर अमेरिकन विमान कंपनी ती सीट नाकारू शकत नाही. स्टिकरचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. सीट बसवल्यावर तो बहुधा खाली दडतो आणि नेमका तेव्हाच केबिन क्रू विचारतो.

भारतात किंवा युरोपात घेतलेल्या सीटवर बहुधा नारिंगी रंगाचं लेबल असतं, ईसीई आर४४ किंवा आर१२९ असं लिहिलेलं. अमेरिकन कंपन्यांच्या नियमात संयुक्त राष्ट्रांच्या मानकाची ही सीट विमानात चालते. इथे एक मोठा खड्डा आहे. तीच सीट अमेरिकेत उतरल्यावर तिथल्या गाडीत कायद्याने चालत नाही, कारण तिथलं मानक वेगळं आहे. कायमचं राहायला जात असाल तर भारतातून महागडी सीट घेऊन जाण्यात अर्थ नाही. तिथल्या नातेवाइकांना आधी एक सीट घेऊन विमानतळावर आणायला सांगा आणि विमानातल्या सोयीचा वेगळा विचार करा.

बूस्टर, मग तो पाठीचा असो वा बिनपाठीचा, उड्डाणाच्या वेळी चालत नाही. बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा लागतो आणि विमानात फक्त कमरेचा पट्टा असतो. बूस्टर सामानात द्या.

ओळखीच्यांकडून आलेली सीट असेल तर प्लास्टिकवर ठसवलेली उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. बहुतेक सीटांची मुदत सहा ते दहा वर्षं असते. ती सीट कधी अपघातात सापडली होती का, हे संकोच न करता विचारा. उत्तर ठाम मिळालं नाही तर ती घेऊ नका.

तिकीट आणि जागा

दोन वर्षांखालच्या बाळाला स्वतंत्र जागा हवी असेल तर वेबसाइटवर ‘इन्फंट’ निवडून ती मिळत नाही. काही कंपन्यांत ‘चाइल्ड’ म्हणून तिकीट काढता येतं, काहींत फोन करून ‘इन्फंट विथ सीट’ सांगावं लागतं. मांडीवरच्या बाळाला आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्याच्या भाड्याच्या १० टक्के अधिक कर पडतात. जागेचं तिकीट अर्थातच बरंच महाग असतं. प्रवासाच्या मधेच मूल दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला जागा घ्यावीच लागते, आणि काही कंपन्या दोन्ही बाजूंचं तिकीट मागतात. आधी विचारून घ्या.

तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं, असं मधे थांबणाऱ्या प्रवासात सर्रास होतं. सीट बसवू द्यायची की नाही हे विमान उडवणारी कंपनी ठरवते. भारतीय, आखाती आणि युरोपीय कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. प्रत्येक टप्प्यासाठी सीटचं मॉडेल आणि रुंदी कळवून ईमेलवर होकार मागा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. कॉल सेंटरवरच्या ‘हो सर, चालेल’ला गेटवर कोणी विचारत नाही.

कार सीटची जागा खिडकीची. ती मधे किंवा कडेला आली तर आतल्या प्रवाशाची बाहेर पडायची वाट अडते. सलग मधल्या रांगेत तुमचंच कुटुंब दोन्ही बाजूंना असेल तर मधली जागाही चालते. आपत्कालीन दाराची रांग, तिच्या पुढची आणि मागची रांग वर्ज्य. ज्या जागांच्या पट्ट्यात हवेची पिशवी असते, तिथेही सीट बसत नाही. असा पट्टा नेहमीपेक्षा जाड, फुगीर दिसतो आणि तो बहुतेकदा पुढच्या भिंतीलगतच्या रांगेत किंवा बिझनेस क्लासमध्ये असतो.

पाळणा मिळतो म्हणून भिंतीलगतची रांग मागणारे बरेच असतात. पाळण्याला कंपनीगणिक वजनाची मर्यादा असते आणि पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं. वर त्या रांगेतले हातठेवे पक्के असतात, वर उचलत नाहीत, त्यामुळे रुंद कार सीट तिथे अडकते. पाळणा हवा की कार सीट, हे घरीच ठरवा.

घरी तालीम

टेपने सीटची सर्वांत रुंद जागा मोजा. १६ इंच, म्हणजे सुमारे ४१ सेंटिमीटरपर्यंतची सीट बहुतेक विमानांत बसते. कप ठेवायच्या खाचा सुटत असतील तर काढून ठेवा. दोन्ही बाजूंना मिळून दोन-तीन इंच सहज वाचतात.

मॅन्युअलमध्ये ‘फक्त कमरेच्या पट्ट्याने बसवणे’ हा भाग शोधा. बादलीसारख्या छोट्या सीटला गाडीत खालचा बेस असतो, तो विमानात वापरत नाहीत, सामानात द्यायचा. बेसशिवाय सीट कशी बांधायची ते मॅन्युअलमध्ये असतं. काही युरोपीय बादली सीटांना खांद्याचा पट्टा पाठीमागून फिरवावाच लागतो. त्या विमानात बांधताच येत नाहीत, लेबल कितीही बरोबर असो. हे घरी कळलं तर बरं.

वजनाचाही विचार करा. गाडीत कायम राहणारी भरभक्कम सीट दहा-बारा किलोची असते आणि तुमच्या दुसऱ्या हातात बाळ असतं. प्रवासासाठी कॉस्को सिनेरा नेक्स्टसारखी पाच किलोच्या आतली साधी सीट पुष्कळ कुटुंबं घेतात. चाकं असलेली डूना नावाची सीट विमानतळावर सोयीची पडते. पण ती फक्त मागे तोंड करून बसायच्या वयापुरतीच.

विमानात बसवताना

सुरक्षा तपासणीत बाळाला बाहेर काढून सीट एक्सरेच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. मावली नाही तर हाताने तपासतात. वेळ धरून जा. बोर्डिंगला लहान मुलांच्या कुटुंबांना आधी सोडतात. दोघं असाल तर एकाने सीट घेऊन पुढे जावं आणि दुसऱ्याने बाळाला शेवटपर्यंत बाहेर खेळवावं. वाटेत सीट डोक्याच्या उंचीवर, उलटी धरून न्या, नाहीतर प्रत्येक हातठेव्याला अडकते.

१. हातठेवा वर उचला. विमानाच्या पट्ट्याची दोन्ही टोकं बाहेर काढून ठेवा.

२. सीट ठेवा. एक वर्षाखालचं बाळ नेहमी मागे तोंड करून. मोठ्या मुलासाठी मॅन्युअलमधली मर्यादा पाळा. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१–३२ इंच असतं, म्हणून मागे तोंड केलेली सीट बाळाच्या वयाला चालेल तितकी उभी ठेवा.

३. पट्टा सीटवर दाखवलेल्या मार्गानेच ओवा. मागे तोंडाचा आणि पुढे तोंडाचा मार्ग वेगळा असतो, बहुधा निळ्या आणि लाल खुणांनी दाखवलेला. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण दोन्ही मार्गांतून पट्टा आरपार जातो आणि बकल लागतंही.

४. बकल लावायच्या आधी थांबून बघा. विमानाच्या बकलचं झाकण उचलून उघडतं. सीटच्या प्लास्टिकला चिकटून ते झाकण दबलं, तर उतरताना उघडता उघडत नाही. झाकण मोकळ्या बाजूला, तुमची बोटं पोचतील असं यायला हवं. नाही येत तर पट्ट्याला अर्धा पीळ देऊन बकल उलटं करा.

५. सीटवर गुडघा किंवा हाताने भार टाका आणि पट्ट्याचं मोकळं टोक ओढा. पुढे तोंडाच्या सीटसाठी एक उपयोगी युक्ती आहे: विमानातल्या खुर्चीची पाठ आधी मागे कलवा, पट्टा आवळा, मग पाठ सरळ करा. पट्टा आपोआप आणखी घट्ट होतो. गाडीत सीट एका इंचापेक्षा कमी हलायला हवी. विमानाच्या मऊ गादीवर थोडी डगमग राहते, ती चालते.

६. गाडीतल्या आयसोफिक्सचे (गाडीच्या कड्यांना अडकवायचे) हुक आणि वरचा टेदर, म्हणजे सीट मागे ताणून धरणारा पट्टा, विमानात लागत नाहीत. ते गुंडाळून त्यांच्या खाचेत अडकवा, लोंबकळू देऊ नका.

पुढे तोंडाच्या सीटमध्ये बकल बरोबर मुलाच्या पाठीत येत असेल तर क्रूकडे विमानाच्या पट्ट्याची लांबी वाढवणारा तुकडा (एक्स्टेंडर) मागा, बाळाचा जोडपट्टा नव्हे. लांबी वाढली की बकल बाजूला सरकतं.

मागे तोंडाच्या सीटमुळे पुढच्या प्रवाशाला पाठ कलवता येत नाही आणि वाद होतो. आपल्यातलाच कोणी त्या पुढच्या जागेवर बसवा. प्रश्न तिथेच मिटतो. पुढे तोंडाच्या सीटचा त्रास वेगळाच. मूल नेहमीपेक्षा पुढे सरकलेलं असतं, पाय थेट समोरच्या पाठीला लागतात, ट्रेही पूर्ण उघडत नाही. बूट काढून ठेवा, म्हणजे लाथा तरी मऊ होतील.

हार्नेसचे, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधायचे, पट्टे: मागे तोंड असेल तर खांद्याच्या उंचीला किंवा खालून यावेत, पुढे तोंड असेल तर खांद्याच्या उंचीला किंवा वरून. छातीची क्लिप काखेच्या रेषेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत पकडता येत असेल तर अजून सैल आहे. जाड जॅकेट काढून पट्टा लावा आणि पांघरूण वरून घाला.

वर गेल्यावर

दिवा बंद झाला की बाळाला बाहेर काढायला हरकत नाही, उलट दर दोन तासांनी काढाच. बादली सीटमध्ये फार वेळ झोपलेल्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाबाबत निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. बाळ झोपलंय तोवर तुमच्यापैकी एकाचं लक्ष त्याच्या मानेकडे हवं.

उतरण्याआधी साधारण अर्धा तास विमान खाली यायला लागतं आणि कान दडपतात. त्या वेळी बाळ सीटमध्ये बांधलेलं असणार, अंगावर पाजता येणार नाही. काढलेलं दूध किंवा फॉर्म्युला बाटलीत तयार ठेवा, नाहीतर चोखणी द्या. सहा महिन्यांपुढच्या बाळाला चमच्याने पाणीही चालतं. सगळं दूध वर असतानाच संपवू नका.

उतरल्यावर पट्टा उघडेना, तर जोर लावायच्या आधी विमानातल्या खुर्चीची पाठ मागे कलवा. ढील मिळते आणि बकल सुटतं.

केअर्स हार्नेस

साधारण एक वर्षापुढच्या, नीट बसणाऱ्या मुलांसाठी केअर्स नावाचा पट्टा मिळतो: वजन १० ते २० किलो, उंची एक मीटरपर्यंत, स्वतःचं वजन अर्धा किलो. तो विमानातल्या खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून कमरेच्या पट्ट्याला जोडतात आणि खांद्यावरून दोन पट्टे येतात. तो बांधायला मागच्या प्रवाशाचा ट्रे एकदा उघडावा लागतो, म्हणून आधीच चढून बांधा. पायांमधून पट्टा नसल्यामुळे चुळबुळं मूल घसरून खाली येतं. कमरेचा पट्टा मांड्यांवर खाली आणि घट्ट हवा. हा फक्त विमानासाठी आहे, गाडीत वापरायचा नाही. म्हणजे उतरल्यावर गाडीची सीट लागतेच.

सामानात द्यायची झाली तर

बहुतेक कंपन्या कार सीट मोफत घेतात. काउंटरवर देण्यापेक्षा गेटवर द्या. हाताळणी कमी होते. पातळ पिशवीने धूळ अडते, मार अडत नाही. मूळ खोका असेल तर त्यातच, रिकाम्या जागी डायपरची पाकिटं भरून द्या. हाती आल्यावर विमानतळावरच तपासा: प्लास्टिकला तडा किंवा पांढरी रेघ, आतल्या थर्माकोलला भेग, हार्नेस ओढून-सोडून. काही सापडलं तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि ती सीट वापरू नका.

गाडीत

कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालचं मूल मागे तोंड करूनच बसवावं लागतं. ४० पौंड वजन किंवा ४० इंच उंची भरली तरच सूट. इतर राज्यांचे नियम थोडे वेगळे, पण कार सीट सगळीकडे आलीच. भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४बी आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय असेल तर १,००० रुपये दंड आहे.

अमेरिकन सीट भारतात आणणाऱ्यांची एक अडचण नेहमीची. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाड्यांचे पट्टे लॉक करता येतात, बहुतेकांत पूर्ण ओढले की. इथल्या गाड्यांचे पट्टे बहुधा फक्त झटका बसल्यावर अडकतात, एरवी सैलच राहतात, त्यामुळे सीट कितीही आवळली तरी पुन्हा ढिली पडते. सीटवर स्वतःचं लॉक नसेल तर इंग्रजी एच आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप अमेरिकेतूनच घेऊन या. बकलपासून इंचभर अंतरावर दोन्ही पट्टे एकत्र धरून ती लावायची असते. गाडीत आयसोफिक्सच्या कड्या असतील तर अमेरिकन हुक त्यांना लागतात, मग क्लिपची गरज नाही. आणि विमानतळावर टॅक्सी ठरवताना मागच्या सीटचे बकल वर दिसतात का, ते आधी विचारा. सीट कव्हरखाली दाबून टाकलेले बकल रात्री दोन वाजता, पार्किंगमध्ये, उकरून काढावे लागतात.